मुंबईतून व्यावसायिक सायकलपटू व्हायचंय? आधी शर्यतींचे दिवस मोजा

युरोपातला व्यावसायिक रोड सायकलपटू वर्षातले साधारण ६० ते ८० दिवस शर्यतीत असतो आणि सराव धरून ३० हजार किलोमीटरच्या आसपास सायकल चालवतो. मुंबईतला जिद्दी मुलगा किलोमीटरच्या बाबतीत त्याच्या निम्म्यापर्यंत पोचतो. शर्यतीच्या दिवसांचा आकडा मात्र आठ-दहावर अडकतो. गेली बरीच वर्षं मी मुलुंड-ठाण्याच्या मुलामुलींबरोबर पहाटे रस्त्यावर असतो. पायात ताकद नव्हती म्हणून मागे राहिलेली मुलं मी थोडीच पाहिली. गटात कसं टिकायचं हे कुणी शिकवलं नाही म्हणून मागे पडलेली खूप पाहिली, आणि एके काळी त्यांच्यात मीही होतो. त्यामुळे इथून पुढे जे सांगतोय ते सगळं एका प्रश्नाभोवती आहे: या वर्षी तुम्ही गटात किती शर्यती धावलात?

पायरी १: आपल्याला नक्की काय व्हायचंय ते ठरवा

मुंबईत सायकल चालवणारे पुष्कळ आहेत, पण त्यातले बरेचसे बीआरएम करतात, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या सायकलफेऱ्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, मग ३००, ४००, ६००. हे सोपं मुळीच नाही आणि मला त्याचा आदर आहे. पण ती शर्यत नाही. तिथे पहिला-दुसरा नसतो, कुणी अटॅक करत नाही, म्हणजे अचानक वेग वाढवून तुम्हाला मागे टाकायला बघत नाही. ट्रायथलॉनमधली सायकलिंगही बहुतेक ठिकाणी एकट्याने, कुणाच्या मागे न चिकटता करायची असते. रोड रेसिंग हा डावपेचांचा सांघिक खेळ आहे, तिथे अख्खा संघ राबतो आणि एकजण जिंकतो.

या खेळाची जागतिक संघटना यूसीआय. पुरुषांच्या संघांचे तीन थर असतात: सर्वांत वर वर्ल्डटूर, मग प्रोटीम, मग कॉन्टिनेंटल. वर्ल्डटूरच्या सायकलपटूला यूसीआयनं ठरवलेलं किमान वार्षिक वेतन मिळतं, ते ४० हजार युरोंहून थोडं जास्त आहे. महिलांच्या वर्ल्डटूर संघांनाही २०२० पासून किमान वेतन लागू झालं. कॉन्टिनेंटल थरावर यूसीआयचं असं बंधन नाही, त्यामुळे तिथे कुणाला पगार मिळतो, कुणाला फक्त सायकल, कपडे आणि प्रवासखर्च. ‘प्रो झालो’ असं कुणी म्हणालं तर कुठल्या थरावर, हे विचारायचं.

वयोगटही समजून घ्या. १७-१८ म्हणजे ज्युनियर, १९ ते २२ म्हणजे अंडर-२३, त्यापुढे एलिट. चालू वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत किती वर्षं पूर्ण होतात त्यावर गट ठरतो. उशीर झाला म्हणून लगेच सोडून देऊ नका. प्रिमोझ रोग्लिच हा स्लोव्हेनियाचा खेळाडू आधी स्की जंपिंग करायचा. पहिल्या कॉन्टिनेंटल संघात आला तेव्हा तो विशीच्या मध्याकडे झुकला होता. पण त्याच्याकडे वर्षानुवर्षं घडवलेलं खेळाडूचं शरीर होतं, हेही लक्षात ठेवा.

पायरी २: सायकल

ही पायरी मी मुद्दाम थोडक्यात सांगतो, कारण पालकांचे सगळे पैसे इथेच संपतात. पहिली दोन वर्षं ॲल्युमिनियम फ्रेमची, तुमच्या मापाची रोड बाइक पुरते, नवी घ्यायची तर साधारण ५० ते ७५ हजारांत बसते. काळबादेवीच्या दुकानांतून किंवा ओळखीच्या सायकलपटूकडून जुनी चांगली मिळाली तर आणखी उत्तम. पुढे पेडलजवळ ३४ दातांची छोटी चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागच्या चाकावर ३२ दातांपर्यंतची कॅसेट (चकत्यांचा संच) असू द्या, घाटात गुडघे वाचतात. यूसीआयच्या नियमानं शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, म्हणून हलक्या कार्बनच्या मागे धावायची घाई नको. उरलेल्या पैशांत आधी योग्य फिटिंग करून घ्या, मग चांगले टायर, मग ट्रेनर (घरात सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र), आणि सगळ्यात शेवटी पॉवर मीटर (तुमची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र).

पायरी ३: या शहरात सराव कुठे आणि केव्हा करायचा

मुंबईचे सगळ्यात गुळगुळीत रस्ते सायकलींना बंद आहेत. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू आणि पुण्याचा एक्स्प्रेस वे, कुठेच परवानगी नाही. आपल्या वाट्याला जे उरतं त्याची वाटणी अशी करा.

वेगासाठी पाम बीच रोड, वाशी ते बेलापूर. पहाटे पाच ते साडेसहा. सिग्नल लागतात, तिथे थांबायचंच. सिग्नल तोडून काढलेल्या वेळेला आमच्या गटात किंमत नाही. छोट्या चढांसाठी ठाण्याचं येऊर, खारघरच्या टेकड्या, किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीकडे जाणारा रस्ता. मोठ्या चढासाठी महिन्यातून दोनदा शहर सोडावं लागतं. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याचा सातेक किलोमीटरचा चढ इतका उभा आहे की तिथे फक्त ताकद कळते. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळ्याकडे चढणारा जुना बोरघाट मात्र खरी शाळा आहे: चढ लांब आणि लयीत चढण्यासारखा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ याच घाटात ठरतो. खोपोली आणि नेरळ दोन्हीकडे लोकल जाते. सायकल लगेज डब्यातून न्यायची, आदल्या दिवशी स्टेशनवर नियम आणि तिकीट विचारून ठेवायचं.

एफटीपी मोजायची असेल, म्हणजे तुम्ही तासभर टिकवू शकता अशी पॉवर, तर प्रचलित चाचणी २० मिनिटांची आहे: जीव तोडून चालवायचं आणि आलेल्या सरासरीचे ९५ टक्के धरायचे. मुंबईत २० मिनिटं न थांबता चालवता येईल असा सपाट रस्ता मला अजून सापडलेला नाही. म्हणून ही चाचणी घरी ट्रेनरवर किंवा खोपोलीच्या घाटात करा. आलेल्या वॅटला वजनानं भागा. ६० किलोच्या मुलाची एफटीपी २४० आली तर किलोमागे ४ वॅट. माझा स्वतःचा ठोकताळा असा: ४ च्या आसपास असाल तर राज्य पातळीवर गटात राहाल, राष्ट्रीय पातळीवर पुढे दिसायचं तर ५ कडे सरकावं लागेल. वर्ल्डटूरचे घाटवीर लांब चढावर ६ च्या आसपास आणि त्याहून वर असतात.

कॉलेज सांभाळणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलासाठी मी आठवडा असा लावतो. सोमवार विश्रांती, संध्याकाळी हलका व्यायाम. मंगळवार ट्रेनरवर आठ-आठ मिनिटांचे चार जोरदार टप्पे. बुधवार दोन तास संथ, इतकं संथ की बोलता यावं. गुरुवार येऊरचा चढ पाच-सहा वेळा. शुक्रवार सुट्टी. शनिवार गट. रविवार चार-पाच तास लांब. एवढं केलं तर आठवड्याला बारा तास होतात आणि ते पुरे आहेत. हाडांसाठी जिममध्ये वजनं उचलणं टाळू नका; सायकलवर पाय जमिनीवर आपटत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांची हाडं कमकुवत राहतात.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, रस्त्यावरचे दिवस निम्मे करा. पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, गटारांच्या जाळ्या आणि ओल्या रस्त्यावरचं डिझेल या चार गोष्टींनी आमच्या गटातल्या जवळजवळ प्रत्येकाला एकदा तरी पाडलंय. ट्रेनर घरी चालवणार असाल तर खाली जाड रबरी मॅट हवीच. पहाटे साडेचारला खालच्या मजल्यावर तो आवाज गिरणीसारखा ऐकू येतो. वन बीएचकेमध्ये रात्री नऊला झोपायचं असेल तर घरच्यांशी एकदा बसून बोला. झोप हा सरावाचाच भाग आहे आणि घरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला तर तो तुमच्या करिअरमधला त्यांचा वाटा असतो.

पायरी ४: गटात चालवायला शिका

इथे घाई करू नका, कारण सगळं इथेच ठरतं.

पुढच्याच्या चाकामागे नीट राहिलात तर तेवढ्याच वेगाला साधारण तीस टक्के कमी ताकद लागते. मोठ्या गटाच्या पोटात असाल तर त्याहूनही कमी. म्हणजे चार तासांच्या शर्यतीत जो वाऱ्यात एकटा चालवतो तो शेवटच्या दहा किलोमीटरच्या आधीच रिकामा होतो, मग त्याची एफटीपी कितीही असो. मी पहिल्यांदा मुंबई-पुणे धावलो तेव्हा पनवेलपर्यंत पुढे होतो आणि पुढे आहे याचाच आनंद होता. घाट सुरू झाला तेव्हा माझ्यामागे आरामात बसून आलेले सगळे एकामागोमाग निघून गेले.

शिकायचा क्रम असा ठेवा. सुरुवात मैदानात, गवतावर, चालण्याच्या वेगानं करा. दोघांनी शेजारी चालवायचं आणि खांद्याला खांदा टेकवायचा, मग कोपराला कोपर. पडलात तर गवतावर पडता. पंधरा दिवसांत धक्का लागला की ब्रेक दाबायची सवय जाते. मग पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक हलकेच घासून बघा, तेही गवतावरच, कारण गटातले बहुतेक अपघात असेच होतात: तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसलेलं असतं, तो जरा सरकतो आणि पडता तुम्ही. पुढचा सुखरूप निघून जातो. म्हणून चाकावर चाक कधीही चढवून ठेवायचं नाही.

त्यानंतर चौघांची रांग. पाम बीचवर पहाटे, प्रत्येकानं तीस सेकंद पुढे राहायचं आणि बाजूला होऊन मागे जायचं. पुढे आल्यावर वेग वाढवायचा नाही. ही चूक प्रत्येक नवा मुलगा करतो, कारण त्याला दाखवायचं असतं. खाडीकडून वारा आडवा आला की सरळ मागे राहून उपयोग नसतो, वाऱ्याच्या उलट बाजूला तिरकी रांग धरावी लागते. हे वाचून कळत नाही, दहा सकाळी करून कळतं. खड्डा दिसला तर हातानं दाखवा आणि ओरडा. चालत्या सायकलवर बाटली काढणं, पिणं, केळं सोलणं, जॅकेट घालणं-काढणं, हे सगळं हँडलवर एक हात ठेवून जमलं पाहिजे. मागे वळून बघताना सायकल सरळ राहिली पाहिजे.

मग आपसांत शर्यती लावा. दर दुसऱ्या शनिवारी, नवी मुंबईतल्या एखाद्या रिकाम्या रस्त्यावर, पाच फेऱ्यांची. दोन संघ करा आणि प्रत्येक संघातल्या एकालाच जिंकायची परवानगी द्या. बाकीच्यांनी त्याच्यासाठी वारा कापायचा, समोरच्यांचा अटॅक पकडायचा. मदतनीस म्हणून उत्तम चालवणाऱ्याला व्यावसायिक संघात काम मिळतं. पेलोटनमधले, म्हणजे शर्यतीतल्या मुख्य गटातले, बहुतेक जण आयुष्यभर हेच काम करतात आणि त्यांचं घर त्यावरच चालतं. घरी आल्यावर वहीत लिहा: कुठे होतो, कुठे असायला हवं होतं, किती वेळ वाऱ्यात गेला.

पडलात तर सायकलपटूचं सगळ्यात जास्त मोडणारं हाड म्हणजे गळपट्टीचं (कॉलरबोन). ते सहसा काही आठवड्यांत जुळून येतं. डोक्याला मार लागला तर मात्र हट्ट नको. गरगरणं, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं यातलं काहीही असेल तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचं नाही, आणि आदळलेलं हेल्मेट फेकून द्यायचं.

पायरी ५: कागदपत्रं आणि शर्यती

शाळेत असाल तर शालेय क्रीडास्पर्धांच्या रस्ता सायकलिंग प्रकारात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत नाव द्या. त्याबरोबरच जिल्हा संघटना, मग राज्य संघटना, मग सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया, या वाटेनं निवड चाचण्या द्यायच्या. परवाना आणि यूसीआय आयडी फेडरेशनमार्फतच मिळतो. जन्मदाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र आणि प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र एका फाइलीत ठेवा. वयाचा दाखला बदलून खालच्या गटात धावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो माणूस कितीही जवळचा असला तरी त्याच्यापासून दूर राहा.

राष्ट्रीय स्पर्धेत एकट्यानं वेळेविरुद्ध, संघानं वेळेविरुद्ध आणि एकत्र सुटणारी अशा शर्यती असतात. मुंबईची मुलं पहिल्या प्रकाराकडे झुकतात, कारण तिथे गट लागत नाही. मी एकत्र सुटणाऱ्या शर्यतीतही नाव द्यायला लावतो.

ट्रॅकला कमी लेखू नका. पुण्यात बालेवाडीला वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींची गोल धावपट्टी, आहे आणि दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये राष्ट्रीय अकादमी. २०१९ मध्ये भारतानं ज्युनियर जागतिक ट्रॅक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं, त्या संघात निकोबारचा एसो अल्बेन आणि मणिपूरचा रोनाल्डो सिंग होते. ब्रेक नसलेल्या सायकलवर दुसऱ्याच्या चाकामागे इंचावर राहायची जी सवय ट्रॅकवर लागते, ती रस्त्यावर थेट कामाला येते.

आणि आता घराजवळच मोठी शर्यत आलीय. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटर, यूसीआय २.२ दर्जा. या आकड्यांतला पहिला २ म्हणजे अनेक दिवसांची शर्यत (एक दिवसाची असेल तर १), दुसरा २ म्हणजे दर्जाची पायरी. या पायरीच्या शर्यतीत कॉन्टिनेंटल संघांबरोबर राष्ट्रीय संघालाही उतरता येतं, म्हणजे आपल्या मुलाला तिथे पोचायची वाट राष्ट्रीय निवडीतून जाते. धावायला मिळालं नाही तरी मुळशी-पुरंदरच्या रस्त्याकडेला उभं राहून बघा: घाटाच्या पायथ्याशी संघ कसे पुढे सरकतात, बाटल्या आणायला कोण मागे जातं.

पायरी ६: खाणं, घाम आणि औषधं

मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून शरीर थंडही होत नाही. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे जवळजवळ एक लीटर पाणी गेलं. दोन तासांपुढच्या सरावात दर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, सवयीनं ९० पर्यंत नेता येतात. महागडे जेल रोज लागत नाहीत. एक लीटर पाण्यात चहाचे १२ चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि एक लिंबू, झालं तासाभराचं पेय. खिशात केळं, राजगिऱ्याचा लाडू, गूळपोळीचा तुकडा. आल्यावर अर्ध्या तासात वरण-भात, अंडी किंवा पनीर. कडक सरावाच्या दिवशी उपवास नको.

मुलींसाठी वेगळं सांगायला हवं. वजन कमी करण्याच्या नादात पाळी थांबली तर ते तंदुरुस्तीचं लक्षण नाही, शरीराला इंधन कमी पडतंय. तीन महिने वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. कोल्हापूरकडची पूजा दानोळे, संगमनेरची प्रणिता सोमण यांनी महाराष्ट्रातल्या मुलींना वाट दाखवली आहे. मुलींच्या शर्यतींत गट लहान असतो, म्हणून शनिवारी मुलांच्या गटातच चालवा.

औषधांबाबत नियम कठोर आहे. तुमच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तुमची, ‘कोचनं दिलं’ म्हणून सुटका नाही. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेबाहेर गेलं तर तो डोपिंगचा गुन्हा होतो. ट्रामाडॉल हे वेदनाशामक स्पर्धेत चालत नाही. दमा असेल तर पंपाची मात्रा आणि परवानगी आधीच विचारून घ्या. जिममध्ये खुली मिळणारी पावडर आणि लेबल नसलेलं चूर्ण घरात आणू नका. चार वर्षांची बंदी म्हणजे अंडर-२३ चा अख्खा काळ.

पायरी ७: पैसा आणि नोकरी

घरी हा विषय लवकर काढा. माझ्या हिशोबानं टायर, चेन, प्रवास, प्रवेश फी आणि खाणं मिळून ज्युनियर सायकलपटूला वर्षाला दीड ते दोन लाख लागतात. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिना १०,००० रुपये भत्ता मिळतो. भारतात आजवर सायकलपटूचं पोट बहुतेक वेळा रेल्वे, सैन्यदल आणि पोलिस यांच्या क्रीडा कोट्यावर चाललंय. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वे आणि सेनादलाचे संघ असतात, तिथे सराव आणि पगार दोन्ही मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्रांची पडताळणी होते. पायरी ५ मधली फाइल त्या दिवशी कामाला येते. अशी नोकरी घेतली म्हणजे स्वप्न सोडलं असं समजू नका. तीस शर्यतींचं वर्ष पगारावर धावता येतं, उधारीवर नाही.

पायरी ८: बेल्जियम

राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या दहात सातत्यानं येत असाल तरच हे वाचा. बेल्जियममध्ये उन्हाळ्यात गावोगावी ‘कर्मेस’ नावाच्या शर्यती होतात, गावाभोवती फेऱ्या, साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर, फी काही युरो. आठवड्याला दोन-तीन धावता येतात. तीन महिन्यांच्या शेंगेन व्हिसात म्हणजे तुमच्या इथल्या तीन वर्षांइतक्या शर्यती होतात. बंगळुरूच्या नवीन जॉननं हीच वाट धरली, पुढे २०१७ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या कॉन्टिनेंटल संघात गेला; त्याआधी २०१६ च्या दोहा जागतिक स्पर्धेत तो आणि अरविंद पनवार भारतातर्फे वेळेविरुद्ध शर्यत धावले होते.

जाण्याआधी फेडरेशनचं परदेशात धावण्याचं परवानगीपत्र, परवाना आणि शर्यतीतला अपघात धरणारा विमा हवा. सायकलच्या पेटीसाठी विमान कंपनीकडे आधी नोंदणी करा. खर्च पाच लाखांच्या घरात जातो. पहिल्या आठ-दहा शर्यती पूर्णही होणार नाहीत. खडबडीत दगडी फरसबंदीच्या अरुंद रस्त्यावर शंभर जण वळणाला भिडले की मुंबईतला कुठलाच सराव पुरत नाही. तरी रोज किती फेऱ्या टिकलो ते लिहा. तो आकडा वाढत असेल तर पुढच्या वर्षी परत जा.

पायरी ९: तीन तपासण्या

१९ व्या वर्षी: राज्य संघात आहात का? २१ व्या वर्षी: राष्ट्रीय शर्यतीत शेवटच्या दहा किलोमीटरला पुढच्या गटात असता का? २३ व्या वर्षी: कुणी पगार किंवा करार देतंय का? तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर पदवी पूर्ण करा आणि खेळात दुसरी जागा शोधा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सायकलिंग कोचिंगची पदविका आहे. संघांना चांगले मेकॅनिक आणि मालिशवाले लागतात. आणि पंच तर फारच थोडे आहेत; वेळ घेणारे, वळणावर झेंडा धरणारे, निकाल बिनचूक लावणारे लोक नसल्यामुळे शर्यती भरत नाहीत आणि मुलांचे दिवस आठ-दहावर अडकतात. आमच्या गटातल्या दोघांनी स्पर्धा सोडल्यावर हेच काम घेतलं. आता दर दुसऱ्या शनिवारी पहाटे सव्वापाचला, शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन, ते मुलांच्या आधी रस्त्यावर येऊन उभे असतात.